धुराच्या पाटीवरचं इंग्रजी

माणसं इंग्रजी नाना कारणांनी शिकतात. कुणी नोकरीसाठी, कुणी चारचौघांत भाव खाण्यासाठी, तर कुणी नवराबायकोचं भांडण शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. अंबरनाथची वेणू म्हसकर मात्र इंग्रजी शिकायला बसली ती सासू घरातून जाऊ नये म्हणून. सासू जावी यासाठी बायकांनी केलेले नवस आपण ऐकलेले असतात. हा उलट्या बाजूचा नवस चाळीत कुणी ऐकला नव्हता, त्यामुळे पहिले काही दिवस सगळ्यांना वाटलं, धूर हिच्या डोक्यात गेला.

जायला धूर तसा जवळच होता. चाळीच्या गॅलरीत उभं राहिलं की समोर भिंत, भिंतीपलीकडे रंगाचा कारखाना, आणि कारखान्याच्या डोक्यावर चिमणी. "हिचं नाव ज्यानं चिमणी ठेवलं, त्यानं हत्तीला मुंगी म्हणून हाक मारली असणार," असं वेणूची सासू गोदूआजी म्हणायची. सकाळी बॉयलर पेटला की धूर थोडा वेळ वर जायचा, वर आपलं कुणी ओळखीचं नाही असं लक्षात आल्यासारखा घुटमळायचा, आणि मग खाली येऊन चाळीत शिरायचा. दुधावर सायीच्या आधी काजळी धरायची. पापड वाळत घातले की संध्याकाळपर्यंत मिरी न घालता मिऱ्याचे व्हायचे. हे सगळं एक वेळ चाललं असतं. पण गोदूआजीला दमा होता.

सासूसुनेचं गूळपीठ होतं असं मात्र कुणी समजू नये. सकाळच्या चहापासून त्यांचं जे सुरू व्हायचं ते दिवेलागणीला थांबायचं, कारण तेव्हा शुभं करोति म्हणायचं असायचं. मीठ जास्त, मीठ कमी, हे काय चिरणं झालं, भेंडी आहे की लाकूड. पण मागल्या वर्षी आजी एका लग्नाला म्हणून थोरल्या लेकाकडे बदलापूरला गेली, तेव्हा वेणूचं स्वयंपाकघरातलं सगळं गणित चुकलं. नावं ठेवणारं कुणी नाही म्हटल्यावर आमटी चांगली झाली की वाईट हे तिला कळेना. शेवटी ती खिडकीतल्या कावळ्याशी उलट बोलायला लागली. कावळा उडून गेला. आजी कधी उडून गेली नव्हती.

म्हणून थंडीच्या सुरुवातीला थोरले दीर आनंदादादा तांदळाचं गाठोडं घेऊन आले आणि आजीच्या छातीतली घरघर ऐकून दारातच उभे राहिले, तेव्हा वेणूला पुढचं सगळं कळून चुकलं.

"नाथा, आईला मी नेतो," दादा धाकट्या भावाला म्हणाले. "बदलापूरची हवा बघ. नदीवरनं येते, गाळून आल्यागत. इथं हवा खायची का कोळसा?"

नाथा त्याच कारखान्यात टाइमकीपर. कोळशाला नावं ठेवणं त्याला परवडणारं नव्हतं. तो म्हणाला, "बघू."

"बघू नाही. शिमगा झाला की नेणार. आणि नेली की परत धाडायची नाही."

"मी काय गाठोडं आहे, न्यायला नि धाडायला?" आजी आतून ओरडली, आणि एवढ्या ओरडण्यानं तिला अशी ढास लागली की दादांना पुढे काही बोलायची गरजच राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी आजीच्या पेटीवर एक फडकं बांधलेलं वेणूला दिसलं. सोडून बघते तर आत आजीचा अडकित्ता. सुपारी कातरायचा अडकित्ता आजीपासून कधी हातभर लांब गेला नव्हता, तो बांधून ठेवला म्हणजे म्हातारीनं मनानं बदलापूर गाठलंच होतं. वेणूनं तो काढून तांदळाच्या डब्यात खुपसला आणि पदर खोचला. सासू हलणार नाही. हललाच तर धूर हलेल.

आधी ती एका सरकारी कचेरीत गेली. शेजारच्या बनूबाईंनीच सांगितलं होतं, "सरकार आता आपलं आहे, जाऊन सांग की." टेबलामागच्या कारकुनानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ऐकून घेण्यात सरकार खरंच आपलं झालं होतं.

"कारखाना जमिनीवर आहे, त्याचं टेबल ते तिकडं. पण धूर हवेत आहे. हवेचं टेबल नाही," तो म्हणाला. "माझ्याकडे उकिरडा, तुंबलेलं गटार आणि मोकाट जनावरं. यातल्या कशात बसवू?"

वेणूनं क्षणभर विचार केला. "मोकाट जनावरांत बसवा."

"मग पकडून कोंडवाड्यात आणावं लागेल," कारकून म्हणाला. तो थट्टा करत होता की नियम सांगत होता, हे वेणूला स्टेशनपर्यंत कळलं नाही.

मग ती कारखान्याच्या हेडक्लार्कना भेटली. ते भले गृहस्थ. म्हणाले, "वहिनी, धूर मलाही होतो. पण मॅनेजर हॅरिससाहेबांना मराठी कळत नाही आणि तुमचं मराठी मी इंग्रजीत केलं, तर उद्यापासून माझ्या खुर्चीवर दुसरा बसेल. तुम्ही स्वतः इंग्रजीत बोललात तर गोष्ट वेगळी."

हे त्यांनी अर्थातच ती कधी बोलणार नाही या भरवशावर सांगितलं होतं. वेणूला तो सल्ला वाटला.

इंग्रजीची एबीसीडी तिला येत होती. लहानपणी धाकटा भाऊ पुस्तक घेऊन वाचायला बसे तेव्हा ती समोर बसून तांदूळ निवडत असे, त्यामुळे सगळी अक्षरं तिनं उलट्या बाजूनं पाठ केलेली. अजूनही एखादी जाहिरात उलटी धरली की ती घडाघडा वाचायची आणि सुलटी असली की अडखळायची. ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. प्रत्येक विद्वानाचं काहीतरी झाकलेलं असतंच.

आधी तिनं नवऱ्याला विचारलं. "अहो, मला चार इंग्रजी वाक्यं शिकवा की."

नाथा खूश झाला. बायकोनं काही विचारावं असे प्रसंग त्याच्या आयुष्यात थोडेच. त्यानं घसा साफ केला आणि शिकवायला घेतलं. पण त्याचं सगळं इंग्रजी रजेच्या अर्जातलं. त्यात फक्त ताप यायचा, मेव्हणी लग्नाची असायची आणि शेवटी सगळे कायमचे आज्ञाधारक राहायचे. धूर त्यात कुठंच नव्हता.

"तुला कशाला पाहिजे इंग्रजी?" त्यानं शेवटी विचारलं.

"असंच. काळ बदलला," वेणू म्हणाली. साहेबाशी बोलणार हे कळलं असतं तर त्यानं त्याच इंग्रजीत खरोखरीची रजा टाकली असती.

तेव्हा तिला आठवला होतचंद. फाळणीनंतर तिकडून उठून आलेला हा माणूस कॅम्पात राहायचा. त्या कॅम्पाला आता उल्हासनगर असं देखणं नाव मिळालं होतं, पण होतचंद स्वतः कॅम्पच म्हणायचा. तिथून सायकलवर चणे, शेव, बिस्किटं घेऊन तो अंबरनाथभर फिरे. त्याच्या पुड्या आणि पिशव्या त्याची बायको घरी खळीनं चिकटवायची, आणि त्या सगळ्या इंग्रजी वर्तमानपत्रांच्या. "मराठी पेपरची शाई चण्याला लागते, अदी. इंग्रजी शाई एकदम सभ्य," असं तो सांगायचा. अदी म्हणजे ताई. स्वतः मॅट्रिकपर्यंत शिकलो असं तो म्हणे. पर्यंत म्हणजे दारापर्यंत, असं पुढे कळलं.

त्या थंडीत होतचंदच्या पुड्यांमधून एकच बातमी येत होती. लंडन शहरात धुकं आणि धूर एकमेकांत असे मिसळले की लोकांना स्वतःचे पाय दिसेनात. बसच्या पुढे माणूस दिवा घेऊन चालतोय, नाटकगृहात प्रेक्षकांना रंगमंच दिसेना म्हणून खेळ बंद, आणि प्रदर्शनाला आणलेल्या बैलांना धाप लागली. होतचंद सायकल टेकवून हे वाचून दाखवायचा, वेणू ऐकायची आणि आजी सुपारी नसलेलं तोंड हलवत मधे मधे बोलायची.

"बैलाला धाप लागली ते छापलं?" आजी म्हणाली. "बघ, दया आहे त्यांच्यात. बैलाची येते तर म्हातारीची का नाही येणार?"

आणि इथंच वेणूला युक्ती सुचली. हॅरिससाहेब लंडनकडचाच. त्याला त्याच्याच गावाच्या धुराचे, त्याच्याच वर्तमानपत्रातले शब्द ऐकवायचे. माणसाला आपल्या गावचं कुणी बोललं की आतून हलतं. मग शिकायचं काय, एवढंच. शिकायचा धूर.

पाटी तर आयतीच होती. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या फळीवर रोज सकाळी काजळीचा पातळ थर बसलेला असायचा, गुळगुळीत आणि काळा. वेणू त्यावर बोटानं शब्द लिही. दुसऱ्या दिवशीपर्यंत कारखाना पाटी पुसून पुन्हा काळी करून ठेवी. सरकारी शाळेतसुद्धा एवढी सोय नव्हती.

शब्दांचं मात्र आजीशी पटेना.

"फॉग म्हणजे धुकं, आत्या," वेणू सासूला सांगे.

"फाग शिमग्याचा असतो. आत्तापासून कशाला?"

"आणि खोकल्याला म्हणतात कफ."

आजीनं हातातलं पान खाली ठेवलं. "मग कफाला काय म्हणतात? खोकला? अगं, औषध कशावर द्यायचं हे त्यांना कळतं तरी कसं?"

सगळ्यांत गोंधळ सूट या शब्दानं घातला. होतचंदनं सांगितलं, काजळीला इंग्रजीत सूट म्हणतात. साहेब अंगात घालतो तोही सूट. वेणू म्हणाली, "आणि चण्यांवर तुम्ही कधी देत नाही, तीही सूटच की."

"त्याला इंग्रजी नाही, अदी," होतचंद घाईनं म्हणाला आणि सायकलवर बसला.

चाळीत हळूहळू गाजावाजा झाला. बनूबाई देशावरच्या, जीभ कोल्हापुरी मिरचीची. त्या येता जाता विचारायच्या, "काय मॅडम, आज किती धूर शिकलात?" वेणू मान वर ठेवून नळावर जाई. विद्यार्थीदशेत अपमान सोसावेच लागतात.

अशात जानेवारीत एक मोठी पिशवी आली, शेवेची. तिच्यावर लंडनच्या बातमीचा चांगला ऐसपैस तुकडा होता. वेणूनं बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. अडखळत, ठेचकाळत ती खाली खाली आली आणि मग एकाएकी तिला गती सापडली. शेवटची ओळ तर तिनं एका दमात वाचली. त्या ओळीच्या शेवटी एक नवा शब्द होता, लांबलचक, देवळाच्या शिखरासारखा. ब्रेथटेकिंग.

"होतचंदभाई, ब्रेथटेकिंग हा काय शब्द?"

होतचंदनं डोळे बारीक केले. "अदी, एकदम सोप्पा. ब्रेथ म्हणजे साँस. टेकिंग म्हणजे घेऊन टाकणं. साँस घेऊन टाकतो तो ब्रेथटेकिंग. बोला, धूर काय करतो?"

वेणूच्या अंगावर काटा आला. एका शब्दात सगळं. आजीची घरघर, रात्रभर पाठीला लावलेली उशी, आनंदादादांचं गाठोडं, सगळं त्या एका शब्दात मावत होतं. इंग्रजी भाषा उगाच राज्य करून गेली नाही, असं तिला त्या क्षणी वाटलं.

"आणि चिमणीला काय म्हणतात?"

"चिमणीच."

"हा तरी आपला निघाला," आजी म्हणाली.

सव्वीस जानेवारीला कारखान्याच्या पटांगणात झेंडावंदन होतं. कामगारांच्या घरची माणसं रांगेनं येत होती आणि हॅरिससाहेब पांढऱ्याशुभ्र सुटात उभा राहून प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवत होता. गोरा, गोल, घाम फुटलेला माणूस. आजी त्याला हरीश म्हणायची आणि नाव बरंय म्हणायची. नाथा बाजूला फुलांची परात धरून उभा. वेणूची पाळी आली. तिनं पेढा घेतला, पण पुढे सरकली नाही. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला, चिमणीकडे बोट केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"सर, युवर चिमणी इज ब्रेथटेकिंग."

परात वाजली. मागे फुलं सांडली. पण वेणूचं लक्ष साहेबाकडे होतं. साहेबानं आधी तिच्याकडे बघितलं, मग चिमणीकडे, मग पुन्हा तिच्याकडे. त्याचे डोळे चक्क ओलावले.

"ब्रेथटेकिंग!" तो हळूच म्हणाला. "थँक यू, मिसेस म्हसकर. थँक यू!" आणि त्यानं तिच्या हातावर दुसरा पेढा ठेवला.

वेणू घरी आली ती तरंगत. दुसरा पेढा तिनं आजीला भरवला. "आत्या, हलला साहेब! डोळ्यांत पाणी आलं हो त्याच्या. आता बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी खरंच फरक दिसला. धूर दुप्पट झाला होता.

संध्याकाळी नाथा कामावरून आला, चपला न काढता खाटेवर बसला आणि छताकडे बघत म्हणाला, "हेडक्लार्कनी अर्थ सांगितला. बघताक्षणी श्वास थांबावा इतकं सुंदर. अप्रतिम. तू साहेबाच्या चिमणीला अप्रतिम म्हणालीस. इतक्या वर्षांत त्या चिमणीला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं म्हणे. साहेबानं बॉयलरवाल्यांना बक्षीस दिलं. ते खुशीनं कोळसा घालतायत."

हे सांगताना तो रागावलेला नव्हता, हे जास्त लागलं. त्याला त्या दिवशी साहेबानं स्वतःहून गुडमॉर्निंग केलं होतं.

बनूबाईंना पातळ भिंतीतून सगळं ऐकू गेलंच होतं. त्या दारात आल्या, कमरेवर हात ठेवून. "काय गं, तू धुराला घालवायला गेलीवतीस का त्याचं बारसं करायला?"

होतचंद दोन दिवसांनी आला तो मान खाली घालून. त्याच्या हातात सहलीची एक सबंध जाहिरात होती, तोच लांबलचक शब्द असलेली. वर डोंगर, तळं, होडी. "माफ करा, अदी. बायकोनं खळ लावताना लंडनला काश्मीर चिकटवलं. तेही उलटं."

उलटं! म्हणूनच शेवटची ओळ एवढी सरळ वाचता आली होती. वेणूनं ही गोष्ट आजवर लपवली होती आणि ती अशी अंगाशी आली. तिनं खिडकीची फळी ओल्या फडक्यानं खसखसून पुसली. नळावर ती आता भरदुपारी जाऊ लागली, बायका नसतील अशा वेळी. पाणीही नसायचं, पण तो वेगळा भाग.

तिसऱ्या दिवशी तांदूळ काढायला गेली तर डब्यात अडकित्ता नव्हता. पेटीवरचं फडकं पुन्हा बांधलेलं होतं.

"आत्या, मी चुकले हो," वेणू पाठ फिरवून म्हणाली. चूल फुंकताना डोळ्यांत पाणी आलं तर कुणी कारण विचारत नाही, ही चुलीची मोठीच सोय.

"तू कुठं चुकलीस?" आजी खाटेवरून म्हणाली. मधे एकदा खोकली, दम घेतला. "श्वास जातो म्हणालीस, तर जातोच आहे. शब्द बरोबर होता. साहेबाला स्वतःची भाषा कळत नाही त्याला तू काय करणार? आणि भाजीत मीठ जास्त झालंय, ते आधी बघ."

वेणूला जरा बरं वाटलं. मीठ खरंच जास्त होतं.

शिमगा आठवड्यावर आला आणि नाथा एक बातमी घेऊन धावत आला. साहेबानं ठरवलं होतं की कंपनीच्या कॅलेंडरावर चिमणीचा फोटो छापायचा. आणि तो काढायचा मिसेस म्हसकरांच्या गॅलरीतून, कारण चिमणीची कदर असलेलं घर अंबरनाथमध्ये तेवढं एकच.

"नको म्हणून सांगा," वेणू म्हणाली.

"साहेबाला?" नाथा म्हणाला. संपलं.

ठरल्या सकाळी साहेब आला. पुन्हा तोच शुभ्र सूट. बरोबर एक फोटोग्राफर, त्याचा तिपाई कॅमेरा आणि काळं फडकं. सगळी चाळ गॅलरीत गोळा झाली. फोटोग्राफरनं फडक्यात डोकं घालून बघितलं आणि कौतुकानं वेणूला म्हणाला, "या बाई, बघा तरी." वेणूनं बघितलं. काचेवर सगळं उलटं दिसत होतं. चिमणी आभाळातून खाली लोंबत होती आणि तिच्यातून धूर खाली ओतत होता. आजवर कुणाला जे पटवता आलं नव्हतं ते कॅमेऱ्याला न सांगता कळलं होतं. आणि उलटं असल्यामुळे तिलाही ते लख्ख वाचता आलं.

"मोअर स्मोक!" साहेबानं खाली हात हलवला. खालच्या माणसानं पुढच्याला सांगितलं, त्यानं बॉयलरवाल्याला. बॉयलरवाला बक्षिसाच्या आठवणीनं पेटून उठला. चिमणीनं असा काही लोट सोडला की बनूबाईंनीसुद्धा "अगं आई" म्हटलं. धूर वर गेला, घुटमळला, आणि नेहमीच्या सवयीनं गॅलरीत उतरला.

मग कुणाला काही दिसेना. फोटोग्राफर फडक्यातून बाहेर आला तरी त्याला वाटत होतं आपण अजून आतच आहोत. तिपाई पडल्याचा आवाज आला. कुणीतरी बनूबाईंच्या बादलीत पाय घातला आणि बनूबाईंनी त्याला जे म्हटलं त्याला इंग्रजी नाही. या सगळ्यात एक खोकला ऐकू येत होता, मोठा, गोरा खोकला. वेणूनं अंदाजानं हात पुढे केला, हाताला लागली ती बाही धरली आणि साहेबाला ओढत घरात नेऊन दार लावलं.

आत आजी खाटेवर उठून बसली होती. तिलाही ढास लागली होती. साहेब पाटावर बसला. दोघं आळीपाळीनं खोकत होते, साहेब इंग्रजीत आणि आजी मराठीत. भिंतीपलीकडून बनूबाईंना फरक कळला नाही. वेणूनं दोघांना ज्येष्ठमधाचं गरम पाणी दिलं, आणि सवयीनं दोघांच्याही पाठीवरून हात फिरवला. साहेबाच्या पाठीवरून हात फिरवला हे तिच्या नंतर लक्षात आलं. नाथा ते बघून भिंतीला टेकला.

साहेबाचा श्वास जरा खाली बसला तसं त्यानं स्वतःकडे बघितलं. पांढऱ्या सुटावर काळे ठिपके, रेघा, ओघळ. वेणूला वाटलं, आता बोलावं की नाही? झाली तेवढी शोभा कमी झाली का? पण समोर पेटीवर ते फडकं दिसत होतं, आत अडकित्ता बांधलेलं. तिनं पदर खोचला आणि साहेबाच्या सुटावर बोट ठेवलं.

"सूट," ती म्हणाली. मग त्यावरच्या काजळीवर. "ऑन सूट... सूट."

साहेबानं भुवया वर केल्या.

वेणूनं आजीच्या छातीवर हात ठेवला. "ओल्ड मदर. कफ. एव्हरी डे कफ." मग खिडकीबाहेर चिमणीकडे बोट केलं, आणि आजीच्या ओठांपासून काहीतरी मुठीत घेऊन बाहेर फेकल्यासारखं केलं. "ब्रेथ," ती हळू म्हणाली. "टेकिंग."

आजीच्या छातीत घरघर चालली होती. साहेब ती ऐकत होता. मग त्याचा चेहरा हळूहळू लाल होत गेला, कानांपर्यंत. त्यानं वेणूकडे बघितलं, आजीकडे बघितलं.

"आय सी," तो म्हणाला. "ओ... आय सी."

"ऐकलंस?" आजी एकदम ताठ झाली. "मला आय म्हणाला हो! हरीश मला आय म्हणाला. दोनदा! ह्याला अजून एक पेला दे, गूळ घालून."

पुढे काय झालं ते कारखान्याच्या दप्तरात काहीही लिहिलेलं असो, चाळीच्या मते साहेबानं ते आपल्या आयसाठी केलं. बॉयलरवाल्यांची सकाळची हौस बंद झाली. शिमग्याला आनंदादादा गाठोडं बांधायला आले तेव्हा चिमणीभोवती बांबूंची परांची उभी राहत होती. साहेबानं तिची उंची वाढवायला घेतली होती. दादा म्हणाले, "आगोटीपर्यंत, पाऊस येईतो थांबतो. नाही फरक पडला तर नेणार म्हणजे नेणार."

फरक पडला. चैत्र संपेतो चिमणी चांगली वर गेली आणि धूर चाळीला ओळख न देता डोक्यावरून निघून जाऊ लागला. दुधावर साय धरली. आजीची घरघर कमी झाली आणि तोंड दुप्पट चालू लागलं. अडकित्ता खुंटीवर आला. कॅलेंडरावर साहेबानं शेवटी एक कमळ छापलं. खिडकीची फळी सकाळी बघावी तर स्वच्छ, त्यामुळे वेणूचं शिक्षण मात्र तिथंच थांबलं. एखादा दिवस ती फळीवर कोरडंच बोट फिरवायची आणि तिला उगाच चुकल्यासारखं वाटायचं.

आगोटीच्या तोंडावर आनंदादादा आले. दारात उभे राहिले, टोपी काढली, झटकली, आणि खोकले. एकदा खोकले, मग चांगले बसून खोकले.

"काय रे, सर्दी झाली?" आजीनं विचारलं.

"सर्दी कसली! महिनाभर झाला, दुपार कलली की तुमच्या बाजूनं काळं काळं येतं. तुझ्या सुनेनं ती चिमणी एवढी उंच करायला लावली, आता वारा तिचा धूर उचलतो आणि सरळ आमच्या अंगणात आणून ओततो. उन्हात घातलेलं भात काळं. आमच्या हिची वाळत घातलेली फेणी काळी." त्यांनी टोपी पुढे केली. पांढऱ्या टोपीवर बारीक काळे ठिपके होते. वेणूला ते ओळखीचे वाटले. "वेणू, तुला येतं म्हणे इंग्रजी. त्या साहेबाला सांग काहीतरी."

आजीनं सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "आनंदा, मी म्हणते, तूच ये इथं राहायला. बदलापूरची हवा काही खरी नाही. नदीवरनं गाळून येते म्हणे, पण गाळणं फाटलेलं दिसतंय."

दादा पुन्हा खोकले. वेणूनं त्यांच्यापुढे ज्येष्ठमधाचं पाणी ठेवलं. मनातून तिला हसू येत होतं आणि जाऊबाईंच्या फेणीचं वाईटही वाटत होतं. ती खाली बसली.

"दादा, साहेबाला मी सांगेन. पण घर तुमचं, श्वास तुमचा, तिथलं माणूस बोललं म्हणजे जास्त लागतं. जाऊबाईंना म्हणावं, उद्यापासून खिडकीची फळी पुसू नका. रोज सकाळी पाटी आयती तयार मिळेल. होतचंदभाईला मी शेव घेऊन बदलापूरला पाठवते." तिनं टोपीवरचा एक ठिपका बोटावर घेतला आणि अगदी मास्तरणीच्या आवाजात म्हणाली, "पहिला शब्द सूट. मग कफ. आणि एक लांबलचक शब्द येईल पुढे, देवळाच्या शिखरासारखा. तो आला की म्हणावं, थांबा, आधी पिशवी उलटी करून बघा."